गच्चीवरचा कॅमेरा आणि बीडचं ऊन

2 एप्रिल 2022 रोजी रात्री आठच्या आसपास महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. अशा घटनेचा मार्ग अचूक मोजायचा तर वेळेच्या पक्क्या नोंदीसह सारं आकाश टिपणारे, एकमेकांपासून दूर बसवलेले किमान दोन ऑल-स्काय कॅमेरे लागतात. हा कॅमेरा घरीही जमवता येतो: फिश-आय लेन्स, सेन्सर, रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक, जंक्शन बॉक्सचा डबा आणि वर अ‍ॅक्रिलिकचा घुमट. मात्र बीड, गेवराई, माजलगावच्या गच्चीवर त्याची खरी परीक्षा एप्रिल-मेच्या उन्हात होते.

डबा तापला की बहुतेकांना आतल्या संगणकाचा संशय येतो, आणि तिथेच हिशेब चुकतो. रास्पबेरी पाय साधारण चार-पाच वॅट उष्णता सोडतो. उलट भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे 1000 वॅट ऊन पडतं; म्हणजे 15 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या झाकणावर 22 वॅट. करड्या रंगाचा डबा त्यातले पंधराएक वॅट सहज गिळतो. बाहेर 42 अंश असताना त्यात ही भर पडली, की 80 अंशांना स्वतःचा वेग कमी करणारा तो संगणक अडखळणारच. तेव्हा आतली उष्णता बाहेर काढण्याआधी बाहेरची आत येऊ न देणं महत्त्वाचं. हवामान खात्याची तापमापकं पांढऱ्या, झडपांच्या, दुहेरी छपराच्या पेटीत ठेवतात ती याचसाठी. डब्याभोवती बोटभर फट सोडून पांढऱ्या पत्र्याचं दुसरं कवच बसवलं, तर ऊन त्या कवचाला लागतं आणि मधली तापलेली हवा वरच्या फटीतून निघून जाते.

पंखा का नको? एक तर 42 अंशांची हवा खेचणारा पंखा डबा 42 च्या खाली नेऊच शकत नाही. दुसरं म्हणजे तो धूळ आत ओढतो. पेल्टियर ही विजेवर एक बाजू थंड करणारी चकती लावली, तर ती वीज भरपूर खाते आणि स्वतःचीच उष्णता शेजारी ओतते. थर्माकोलने गुंडाळलं, तर ऊन थोपतं खरं, पण संगणकाची उष्णताही आतच कोंडते. चकचकीत फॉइलचा मोह सर्वांत फसवा: ती ऊन परतवते, पण जी काही उष्णता शोषते ती सहजी सोडत नाही. पांढरा रंग दोन्ही कामं करतो.

रात्री कॅमेरा चालवायचा, मग दुपारची चिंता कशाला, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण लाडबोरीची घटना घडली ती वेळ आठवा. तेव्हा काँक्रीटचा स्लॅब दिवसभराची उष्णता बाहेर टाकत असतो. सेन्सरमधला उष्णतेचा गोंगाट दर सहा-सात अंशांना जवळजवळ दुपटीने वाढतो. 36 ऐवजी 50 अंशांवर तो सुमारे चौपट होतो आणि अंधूक उल्का त्या गोंगाटाच्या ठिपक्यांत हरवते. म्हणून डबा स्लॅबला टेकवू नये, कमरेएवढ्या पाइपवर उभा करावा.

डिसेंबरात मात्र गणित उलटतं. मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाच्या थंड रात्री घुमटावर दव साचतं, आणि मग हीच संगणकाची उष्णता हवीशी होते. घुमट भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश उबदार राहिला, तरी पुरतं. त्यासाठी संगणक घुमटाच्या अगदी खाली बसवावा. तेवढ्याने भागलं नाही, तर कडेने रेझिस्टरची छोटी माळ लावावी.

दिवसाचं आकाश टिपायचं नसेल, तर उन्हाळ्यात दुपारी संगणक बंद ठेवून घुमटावर पांढरा रंग दिलेलं घमेलं उपडं घाला. खालून हवा खेळती ठेवा, आणि दिवेलागणीआधी ते आठवणीने काढा.