घडीतली जाहिरात

गेवराईच्या बसस्थानकावर बीडच्या गाडीची वाट बघत बसलेलं पोरगं मोबाइलमध्ये गढलेलं असतं. पडद्यावर दुसराच कुणीतरी गेम खेळतोय. तो याला ‘भावा’ म्हणतो, हरला की चरफडतो, जिंकला की किंचाळतो. दोघांची कधी गाठ पडलेली नाही, तरी माणूस घरचाच वाटतो! डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी अशा एकतर्फी मैत्रीवर लिहिलं ते १९५६ साली, टीव्हीच्या निवेदकांकडे बघून.

या मैत्रीला भाव फुटला तो असा. २०१४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सनं ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’ या गेमसाठी यूट्यूबवरच्या नामांकितांना पैसे मोजले. बोलायचं ते चांगलंच, गेममधले दोष दाखवायचे नाहीत. आणि पैसे घेतल्याचा उल्लेख? तोही करायचा, पण व्हिडिओखालच्या मजकुरात. बोटानं घडी उघडली नाही तर दिसणारच नाही. लपवलं म्हणावं तर लिहिलेलं आहे, लिहिलं म्हणावं तर दिसत नाही. काय डोकं आहे बघा! हे व्हिडिओ ५५ लाखांहून जास्त वेळा पाहिले गेले, त्यांतले ३७ लाख एकट्या प्यूडीपाय या यूट्यूबरचे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीला धरलं.

आपल्याकडच्या जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे ‘आस्की’नं, २०२१ मध्ये नेमकी हीच घडी पकडली. जाहिरात असल्याची खूण पहिल्या दोन ओळींतच हवी. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ती निदान तीन सेकंद दिसावी, थेट प्रक्षेपणात सुरुवातीला आणि शेवटी जाहीर व्हावी. नजर कुठे ठरते आणि कुठून निसटते, याचा हिशेब चक्क नियमात उतरलाय.

पण खूण दिसली म्हणून शंका येतेच असं नाही. तिरटाच्या डावाला नाक मुरडणारा माणूसही मोबाइलवरच्या रमीला ‘कौशल्याचा खेळ’ म्हणायचा, कारण सांगणारा चेहरा ओळखीचा असायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये तेव्हाचे आमदार बच्चू कडू वांद्र्यात थेट सचिन तेंडुलकरच्या घरासमोर आंदोलनाला बसले, ते अशाच एका ऑनलाइन गेमच्या जाहिरातीवरून. भारतरत्नालाच जाब विचारायचा, हे अनेकांना रुचलं नाही. मला प्रश्न रास्त वाटतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला. त्यांच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड. बंदुकीच्या, गाड्यांच्या साध्या गेमना तो लागू नाही. तिथं त्या पोराच्या हाताशी आहे ती तीन सेकंदांची पट्टी.