वादळाची रात्र आणि कोपीतली माणसं



कार्तिक सरत आला की आपल्या नाशिक जिल्ह्यात हुडहुडी भरते. निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि उसात साखर भरू लागते. हे आपले नेहमीचे गणित. पण २०२३ सालच्या २६ नोव्हेंबरला, रविवारी, ते पार चुकले. उत्तरेकडचा थंड वारा आणि समुद्रावरचे बाष्प यांची गाठ पडली आणि ऐन हिवाळ्यात वादळी वारा, विजा, गारा असा मारा झाला. निफाडसह अनेक तालुक्यांत द्राक्षबागा नि कांदा डोळ्यांदेखत मातीत गेला.

आम्ही त्या वेळी घरातच होतो. वारा सुटला तशी गुरे गोठ्यात घेतली, दारे-खिडक्या लावल्या. वीज तर आधीच गेलेली. पत्र्यावर गारांचा असा ताशा वाजू लागला, की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येईना. आमच्या आईने जुन्या चालीप्रमाणे अंगणात विळा फेकला. आम्ही मनात हिशेब मांडत होतो : कांदा गेला, ऊस लोळला, आता तोड लांबणार.

तेवढ्यात आईच म्हणाली, "आरं, कोपीतल्या लेकरांचं काय झालं आसंल?"

खरे सांगतो, आमची मान खाली गेली. कांदा आठवला, ऊस आठवला, ट्रॅक्टर आठवला. पण बांधाला उतरलेली तोडणीची टोळी शेवटी आठवली, तीही दुसऱ्याने आठवण दिल्यावर.

गारा थांबताच बॅटरी घेऊन निघालो. कोप्यांवरचे ताडपत्र्यांचे कागद कुठल्या कुठे उडाले होते. पीठ भिजून लगदा, चूल विझलेली, बाया लेकरांना पोटाशी धरून बैलगाडीखाली बसलेल्या. सगळ्यांना घरी आणले. लेकरे ओसरीवर, बैल गोठ्यात, माणसे कांद्याच्या मोकळ्या चाळीत. चुलीवर भाकरीची चवड पडू लागली. मुकादम म्हणाला, "मालक, चार-पाच दिवस कोयता नाही चालायचा. मग खायचं काय?"

प्रश्न खरा होता. तोडणी मजुराला मजुरी मिळते ती टनावर. शेतात चिखल, गाडी रुतते, तोड बंद. म्हणजे त्या दिवसाची कमाईही बंद. आपले नुकसान पंचनाम्यात तरी येते. भिजलेल्या पिठाचा पंचनामा कोण करणार?

ऊस गळीत हंगाम म्हणजे नेमके हिवाळ्याचे दिवस, आणि अवकाळीची झळ आता वरचेवर बसते आहे. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) इशारा मिळताच टोळीलाही सांगावे. कोप्या ओढ्याकाठी, झाडाखाली किंवा विजेच्या तारांखाली बांधू देऊ नयेत.

२) ढग गडगडू लागले की कोयता थांबवावा. झाडाखाली उभे राहू नये, मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नये. तुटलेल्या तारेजवळ कुणाला जाऊ देऊ नये.

३) पक्की ओसरी, चाळ, शाळेची खोली यांपैकी निवारा कुठे मिळेल, हे टोळी उतरते त्याच दिवशी ठरवावे.

४) लोळलेल्या उसाला डोळे फुटतात, उंदीर लागतात, उतारा घटतो. वाफसा येताच शेतकी खात्याला कळवून तो आधी तोडून घ्यावा. पुढच्या लागणीला मोठी बांधणी चुकवू नये, नत्राचा मारा आवरावा. ऊस कमी लोळतो.

पाचव्या दिवशी टोळी पुन्हा फडात उतरली. जाताना एका बाईने आईच्या पायाला हात लावला. आई एवढंच म्हणाली, "येत जा गं."

बंधूंनो, आपला ऊस गव्हाणीत पडतो तो या माणसांच्या हातांनी. वादळात दार लावून घेताना, बाहेर कोण राहिले आहे ते आधी मोजावे, हीच विनंती.