सिटिझन्स बँड रेडिओ

सिटिझन्स बँड रेडिओ, संक्षेपाने सीबी रेडिओ, ही सामान्य नागरिकांना कोणतीही परीक्षा न देता वापरता येणारी, कमी अंतराची दुतर्फा बिनतारी संभाषणसेवा आहे. बहुतेक देशांत तिच्यासाठी २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा वारंवारता पट्टा राखून ठेवलेला असून त्यातील लहरींची लांबी सुमारे ११ मीटर असते. १९७० च्या दशकात अमेरिकेत आणि त्यानंतर युरोपात ही सेवा अतिशय लोकप्रिय झाली. मोबाइल फोनच्या प्रसारानंतर ती मागे पडली आणि एकविसाव्या शतकात स्मरणरंजनाचा छंद म्हणून पुन्हा वापरात आली. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तोपर्यंत मोबाइल फोन रुळू लागला होता. त्यामुळे महाराष्ट्रात सीबीची जुनी परंपरा नाही. बिनतारी संभाषणाची हौस येथे प्रामुख्याने हॅम रेडिओच्या, म्हणजेच हौशी रेडिओच्या, रूपाने जोपासली गेली.

स्वरूप

सीबी संचात प्रेषक आणि ग्राही एकत्र असतात. बोलताना ध्वनिग्राहकावरील कळ दाबून धरावी लागते व ऐकताना ती सोडावी लागते. त्यामुळे एका वेळी एकच व्यक्ती बोलू शकते. दूरध्वनीप्रमाणे येथे विशिष्ट क्रमांकाला हाक मारता येत नाही. एका वाहिनीवरील संभाषण त्या परिसरातील सर्वांना ऐकू येते आणि कोणीही त्यात सहभागी होऊ शकतो. या खुलेपणामुळे खऱ्या नावाऐवजी टोपणनाव वापरण्याची आणि सांकेतिक शब्दांत बोलण्याची प्रथा पडली. अमेरिकेत ४० वाहिन्यांपैकी ९ क्रमांकाची वाहिनी आपत्कालीन संदेशांसाठी राखीव आहे, तर १९ क्रमांकाची वाहिनी महामार्गावरील ट्रकचालक वापरतात.

इतिहास

अमेरिकेच्या संघीय संदेशवहन आयोगाने १९४५ मध्ये नागरिकांसाठी स्वतंत्र रेडिओ सेवेची योजना मांडली. सुरुवातीच्या उच्च वारंवारतेवरील संच महाग होते. १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्झवर २३ वाहिन्या खुल्या झाल्यावर ही सेवा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली. इंधन कोठे मिळेल आणि पोलीस कोठे उभे आहेत, हे एकमेकांना कळवण्यासाठी ट्रकचालकांनी सीबीचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. पुढे गाणी व चित्रपट यांमुळे ही लाट घराघरांत पोहोचली. वाहिन्या अपुऱ्या पडू लागल्याने १ जानेवारी १९७७ पासून त्यांची संख्या ४० करण्यात आली. १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अट रद्द झाली.

जर्मनीने १९७५ मध्ये सीबीला मान्यता दिली. ब्रिटनमध्ये आयात केलेले संच अनेक वर्षे बेकायदा वापरले जात होते. दीर्घ मागणीनंतर २ नोव्हेंबर १९८१ पासून तेथे ही सेवा कायदेशीर झाली.

पुनरुज्जीवन

मोबाइल फोनमुळे सीबीचा व्यावहारिक उपयोग घटला, तरी तिचे चाहते टिकून राहिले. तरुणपणी सीबी वापरलेली पिढी निवृत्तीच्या वयात जुने संच दुरुस्त करून पुन्हा वापरू लागली. नियमही सैल होत गेले. ब्रिटनने २००६ मध्ये परवान्याची अट काढून टाकली आणि २०१४ मध्ये आयाम व एकपार्श्वपट्टी अधिमिश्रणास परवानगी दिली. अमेरिकेने २०२१ मध्ये वारंवारता अधिमिश्रण मान्य केले.

या छंदाचे आणखी एक आकर्षण नैसर्गिक आहे. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढते व घटते. डाग वाढले की आयनांबरातील आयनीभवन वाढते आणि २७ मेगाहर्ट्झच्या लहरी तेथून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवर पोहोचतात. एरवी काही किलोमीटरपुरता मर्यादित असलेला संच अशा वेळी परदेशातही ऐकू जातो. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेल्या २५ व्या सौरचक्राच्या चढत्या काळात हा अनुभव पुन्हा घेता येऊ लागला.

भारतातील स्थिती

भारतात बिनतारी उपकरण बाळगणे हा १८८५ चा भारतीय तार कायदा आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तार कायदा यांनुसार दीर्घकाळ परवान्याचा विषय होता. घरातील साध्या रेडिओसाठीही टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. पाश्चात्त्य देशांत सीबीची लाट आली, तेव्हा भारतीय श्रोत्याला नुसते ऐकण्यासाठीही परवाना आवश्यक होता.

केंद्र सरकारने २००५ मध्ये २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्यातून मुक्त केला. मात्र कमाल शक्ती ५ वॅट असावी, अँटेना संचातच अंतर्भूत असावा आणि इतर सेवांना अडथळा होऊ नये, अशा अटी घालण्यात आल्या. या अटींचे दोन परिणाम होतात. वाहनाच्या टपावर किंवा घराच्या गच्चीवर लांब अँटेना उभारून केलेला वापर या सवलतीत बसत नाही. तसेच अमेरिकी वाहिन्यांपैकी पहिल्या २७ वाहिन्याच या पट्ट्यात येतात. २८ वी वाहिनी २७.२८५ मेगाहर्ट्झवर असल्याने ती व त्यापुढील वाहिन्या भारतातील मर्यादेबाहेर जातात. म्हणून परदेशातून आणलेला ४० वाहिन्यांचा संच येथे सर्व वाहिन्यांवर नियमानुसार वापरता येत नाही. २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरील लहान हातसंचही परवानामुक्त झाल्याने सीबीची गरज आणखी कमी झाली.

डोंगराळ भागातील मर्यादा

अंतर्भूत अँटेनाच्या अटीचा अर्थ सह्याद्रीच्या पायथ्याशी विशेष स्पष्ट होतो. रायगड जिल्ह्यातील पळसदरी हे कर्जतनजीकचे रेल्वे स्थानक बोरघाटाच्या तळाशी आहे. येथून एक मार्ग खोपोलीकडे जातो, तर १८६३ मध्ये खुला झालेला घाटमार्ग खंडाळ्याकडे चढतो. पायथा व घाटमाथा यांच्या उंचीत सुमारे ५०० मीटरचा फरक असून मधे सोंडा, दऱ्या आणि बोगदे आहेत.

११ मीटर लांबीच्या लहरी अतिउच्च वारंवारतेच्या लहरींपेक्षा डोंगराच्या कडेवरून अधिक वळतात, हा सीबीचा गुण आहे. परंतु या लांबीसाठी पाव लहरीचा अँटेनाही सुमारे पावणेतीन मीटर उंच असावा लागतो. हातसंचातील आखूड अँटेना दिलेल्या शक्तीचा थोडाच भाग लहरींच्या रूपात बाहेर टाकतो. बोगद्याची रुंदी लहरीच्या लांबीपेक्षा कमी असल्याने आत या लहरी फार लवकर क्षीण होतात. त्यामुळे पळसदरीसारख्या ठिकाणी सीबी हातसंच वाडीतल्या वाडीत किंवा समोरासमोरच्या उतारांवर उपयोगी पडू शकतो, पण घाट ओलांडून खात्रीचा संपर्क देऊ शकत नाही.

ही मर्यादा केवळ छंदापुरती नाही. याच परिसरातील खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नसल्याने बचाव पथकांना डोंगर चढून जावे लागले आणि अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. अशा ठिकाणी संदेशवहनासाठी उंचावरील पुनःक्षेपक, योग्य अँटेना आणि प्रशिक्षित चालक लागतात. परवानामुक्त हातसंच त्यांची जागा घेऊ शकत नाही.

हौशी रेडिओशी संबंध

ही क्षमता भारतात शासकीय यंत्रणांखेरीज हौशी रेडिओचालकांकडे आढळते. हौशी चालकाला केंद्रीय दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन परवाना व स्वतंत्र संकेतनाव मिळवावे लागते. वरच्या श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीही आवश्यक आहे. त्याबदल्यात त्याला अधिक शक्ती, बाह्य अँटेना आणि स्वतः संच जुळवण्याची मुभा मिळते. सीबीला लागून असलेला २८ मेगाहर्ट्झचा हौशी पट्टाही सौरचक्राच्या चढत्या काळात तसाच दूरवर ऐकू येतो.

महाराष्ट्रात या छंदाची पाळेमुळे जुनी आहेत. रेडिओ क्लब ऑफ बॉम्बे या हौशी मंडळाने जून १९२३ मध्ये मुंबईतून प्रक्षेपण केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हौशी चालकांचे प्रेषक जमा करून घेतले. १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओसाठी प्रेषक जुळवणारे नरिमन प्रिंटर हे पूर्वीचे हौशी परवानाधारक होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी चालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे १ किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी प्रक्षेपित झाला. हौशी पट्ट्यावरून संदेशांची देवाणघेवाण करणे हा त्याचा उद्देश होता. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील तपकीर गल्ली येथील सुट्या भागांच्या दुकानांनी स्वतः संच बांधणाऱ्या हौशी मंडळींना दीर्घकाळ आधार दिला आहे.

सीबी आणि हौशी रेडिओ या दोन्हींत अनोळखी व्यक्तीचा आवाज अचानक ऐकू येण्याचे आकर्षण समान आहे. पाश्चात्त्य देशांत सीबीचे पुनरुज्जीवन म्हणजे सुटलेल्या सवयीकडे परतणे होय. महाराष्ट्रात मात्र ही सवय प्रथम परवान्यामुळे आणि नंतर मोबाइल फोनमुळे सर्वसामान्यांत रुजलीच नाही. तिची जागा मर्यादित संख्येच्या, परंतु परीक्षा देऊन तयार झालेल्या हौशी चालकांच्या परंपरेने घेतली.