भोपळा का गळतो?

परसात भोपळ्याचा वेल आहे. फुले भरपूर येतात. पण बारकी फळे पिवळी पडून गळतात. लोक म्हणतात, "वेलाला दृष्ट लागली!" दृष्ट-बिष्ट काही नाही. पुष्कळदा कारण वेगळेच असते.

सकाळी लवकर वेलाजवळ जा. फुले नीट बघा. ती दोन जातींची दिसतील. नर फुलाचा देठ लांब, बारीक असतो. आत पिवळी पूड असते. तिला पराग म्हणतात. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो. नराचा पराग मादी फुलात पडला, तरच तो भोपळा वाढतो. नाही तर गळतो.

बाजरीचा पराग वारा नेतो. भोपळ्याचा पराग जड नि चिकट. तो वाऱ्याने उडत नाही. मग नेतो कोण? मधमाशी नेते, भुंगा नेतो. मधासाठी ते फुलाफुलांवर बसतात. त्यांच्या अंगाला पराग लागतो आणि मादी फुलात पडतो. फुलपाखरेही कितीतरी फुलांचे हेच काम करतात.

भोपळ्याची फुले पहाटे उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. तेव्हा औषध मारले, तर किडीबरोबर मधमाश्याही मरतात. मग फळ कसे धरणार? औषध मारायचेच, तर संध्याकाळी मारा. झाडावरचे मोहोळ जाळू नका.

मधमाशी फिरकतच नाही? मग सकाळीच ताजे नर फूल तोडा. पाकळ्या काढा. आतला पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. भोपळा धरेल.