दिल्लीहून माल आणायचाय? आधी हा हिशोब बघा



दिल्लीच्या होलसेल बाजाराचा व्हिडिओ तुम्ही बघितलाच असेल. पण कॅमेरा समोर धरला की दुकानदार मोजकंच बोलतो. कामाचं बोलणं कॅमेरा बंद झाल्यावर होतं, म्हणून ते इथे लिहितोय.

नोव्हेंबरमध्ये चार दिवस दिल्लीत होतो. दोन दिवस भारत मंडपममधल्या व्यापार मेळ्याचं काम, दोन दिवस जुनी दिल्ली. आपल्या बॅचमधल्या कराडच्या एक ताई आणि त्यांचे मिस्टर बाजार बघायला सोबत होते. ताईंना क्लिपा, हेअरबँड, इमिटेशन ज्वेलरीचं दुकान टाकायचंय. भिशीचे आणि साठवलेले मिळून 80 हजार रुपये हातात. त्यातले निम्मे गाळ्याचं डिपॉझिट आणि फर्निचरला जाणार, निम्म्यात माल. "सर, दिल्लीत निम्म्या भावात मिळतं म्हणे." हे "म्हणे" आम्हाला तपासायचं होतं.

आधी शहराबद्दल थोडं. दिल्ली म्हटलं की टीव्हीवरचे रुंद रस्ते आणि संसद डोळ्यांसमोर येते. ती नवी दिल्ली. तुमचं काम जुन्या दिल्लीत आहे, आणि तिथे गाडी करून जाण्यात अर्थ नाही. पश्चिम महाराष्ट्रातून गोवा एक्सप्रेसने आलात तर हजरत निजामुद्दीनला उतराल. तिथून मेट्रो धरा आणि यलो लाइनने चांदनी चौक किंवा चावडी बाजार स्टेशनला या. ही मेट्रो 2002 साली सुरू झाली. आज फिरणाऱ्या व्यापाऱ्याचा वेळ आणि पैसा तिच्याइतकं कोणी वाचवत नाही. खाली एसी, शांतता, सूचना देणारा गोड आवाज. जिना चढून वर आलात की डोक्यावर वायरींचं जाळं, पाठीवर पोती घेतलेले पल्लेदार आणि "साइड, साइड!" असा ओरडा. पहिल्यांदा गेलात की दहा मिनिटं नुसतं बाजूला उभं राहा. कुठून माल येतो, कुठे जातो, कोण थांबतं, कोण नुसतं विचारून पुढे जातं, सगळं दिसायला लागतं.

चांदनी चौक शाहजहानच्या मुलीने, जहाँआराने, 1650च्या सुमारास वसवला. आजही तिथे एका गल्लीत एकच धंदा चालतो. किनारी बाजारात लेस, गोटा, लग्नाचं सामान. दरिबा कलानमध्ये चांदी. नई सडकला वह्या-पुस्तकं, भागीरथ पॅलेसला इलेक्ट्रिकचा माल, चावडी बाजारात कागद आणि लग्नपत्रिका. फतेहपुरी मशिदीच्या पुढे खारी बावली. बावली म्हणजे आपली बारव. बारव राहिली नाही, मसाल्यांचा बाजार राहिला. तिथल्या गडोदिया मार्केटचा जिना चढताना मिरचीच्या खाटाने प्रत्येक माणूस खोकतो, हमालसुद्धा. आमच्या ताई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "आमच्याकडं मिरची कांडपात एवढा ठसका लागत नाही." तिथून चालत पुढे गेलं की सदर बाजार, जिथे ताईंचं काम होतं.

शंभर दुकानं एकाच मालाची शेजारी शेजारी, मग यांचं चालतं कसं? हा प्रश्न तुमच्याही मनात येईल. उत्तर काउंटरवर मिळतं. दुकानदाराने बसल्या जागेवरून विचारलं, "दुकान कहाँ है?" ताई म्हणाल्या, "अभी खोलनेवाले है." त्याने एक भाव सांगितला. पुढच्या दुकानात मिस्टरांनी आधीच छापून आणलेलं कार्ड पुढे केलं. त्यावर दुकानाचं नाव, गाव, फोन. तिथे पहिला प्रश्न बदलला: "माल कहाँ जाएगा, ट्रान्सपोर्ट कौन सा?" भावही बदलला. तोच माल, वीस पावलांचं अंतर. त्याला गिऱ्हाईक एकदा येणार की दर महिन्याला, हे तो ओळखू पाहतो आणि त्यावर भाव लावतो. शंभर दुकानं त्या दर महिन्याच्या गिऱ्हाइकांवर चालतात. तेव्हा दुकान सुरू व्हायचं असलं तरी कार्ड छापून न्या. दोनशे रुपयांचं काम आहे. आणि भाव डझनावर आहे की ग्रोसवर ते आधी विचारा. ग्रोस म्हणजे 144 नग. ऐकण्यात घोटाळा झाला तर आख्खा हिशोब चुकतो.

आता हिशोब. वही काढा.

ताईंना पसंत पडलेली क्लिप सदर बाजारात 72 रुपये डझन. तशीच क्लिप पुण्याच्या बोहरी आळीत 90 रुपये डझन. डझनामागे 18 रुपये वाचतात, म्हणजे 20 टक्के. निम्म्या भावाचं "म्हणे" तिथेच संपलं, पण 20 टक्केही काही कमी नाहीत. ताईंचे डोळे चमकले. मग मी म्हटलं, खर्च मांडा. दोघांचा स्लीपरचा येण्या-जाण्याचा खर्च, दोन रात्रींचा लॉज, जेवण, मेट्रो मिळून 6,500. माल 40 हजारांचा घेतला तर ट्रान्सपोर्ट 2,200, पॅकिंग आणि हमाली 600. एकूण 9,300. म्हणजे मालाच्या प्रत्येक शंभर रुपयांवर 23 रुपये. 72ची क्लिप कराडच्या दुकानात पोचेपर्यंत जवळपास 89ला पडली. पुण्यात 90! आणि बोहरी आळीला एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, लागेल तेवढेच दोन-चार डझन आणता येतात. इथे 40 हजार एका फटक्यात अडकतात.

ताईंचा चेहरा पडला. मिस्टर हळूच म्हणाले, "मग आलो कशाला?"

थांबा, हिशोब अजून संपला नाही. याच 9,300मधले 6,500 हे माणसांच्या प्रवासाचे आहेत, मालाचे नाहीत. दुसऱ्या वेळी फोनवर ऑर्डर दिली, दुकानदाराने फोटो पाठवला, तुम्ही होय म्हटलं, त्याने पेटी ट्रान्सपोर्टला टाकली, तर वर खर्च उरतो 2,800, म्हणजे 7 टक्के. तीच क्लिप 77ला पडते. आता पुण्याच्या भावाशी तुलना करा. म्हणजे पहिल्या फेरीत तुम्ही क्लिपा खरेदी करायला जात नाही. फोनवर सांगितलं तरी तोच माल, तोच रंग, मोजून पाठवेल अशी दोन-तीन दुकानं शोधायला जाता. ताईंनी त्या दिवशी 40 हजारांऐवजी 14 हजारांचा माल घेतला, तोही दोन दुकानांत विभागून, मुद्दाम. कोण नीट पाठवतं ते कळायला पाहिजे ना!

बिलाचं मात्र तिथल्या तिथे ठरवा. "पक्का बिल या कच्चा?" हा प्रश्न येणारच. कच्च्याचा भाव कमी असतो आणि मोह होतो. परराज्यातून 50 हजारांच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल लागतं. कागद नसताना माल रस्त्यात अडवला तर कराच्या दुप्पट दंड भरून सोडवावा लागतो. दुसरं, माल फुटका निघाला तर कच्च्या चिठ्ठीवर भांडणार कोणाशी? आणि तुम्ही कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर खरेदीवर भरलेला जीएसटी परत वळता होत नाही, तो किमतीत धरा. ट्रान्सपोर्टची पावती, म्हणजे बिल्टी, हातात आल्याशिवाय दुकानदाराला शेवटचा हप्ता देऊ नका.

ट्रान्सपोर्ट कोणता चांगला? हे विकणाऱ्याला विचारू नका, तो स्वतःच्या सोयीचा सांगतो. आम्ही कुचा महाजनीत गेलो. तो सराफी बाजार आहे आणि तिथे गल्लीत चक्क सांगली जिल्ह्यातली मराठी कानावर पडते. विटा-खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातले गलाईवाले पिढ्यान् पिढ्या देशभर पसरलेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं कसब घेऊन ते घराबाहेर पडले. एका काकांनी चहा पाजला, कराडकडे कोणाची गाडी नेमाने जाते ते सांगितलं आणि वर म्हणाले, "पोरी, हलका पण मोठा माल हितनं नेऊ नगंस. गाडीवाला जागंचं पैसं घेतो." एवढं एक वाक्य ऐकायला मिळालं, तेवढ्यावर ताईंचा चहा वसूल झाला.

जाणार असाल तर वार बघून जा. चांदनी चौक, सदर बाजार रविवारी बंद असतात. रेडीमेड कपड्यांचं गांधीनगर सोमवारी बंद. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात, परतीच्या तिकिटात एक दिवस हाताशी ठेवा. व्यापार मेळा दरवर्षी 14 ते 27 नोव्हेंबर असतो. त्याच सुमारास गेलात तर पॅकिंग आणि नवीन डिझाइन एका छताखाली बघून होतं. मास्क न्या, त्या दिवसांत हवा फार वाईट असते.

ताईंच्या दोन दुकानदारांपैकी एकाने दुसऱ्या खेपेला रंग बदलून पाठवले. दुसऱ्याने पेटीत नग मोजून चिठ्ठी ठेवली होती, दोन तुटलेल्या क्लिपांचे पैसेही पुढच्या बिलातून कमी केले. आता कानातले आणि गळ्यातले सेट त्याच्याकडून येतात, एका पेटीत बराच माल मावतो. हेअरबँड आणि स्पंजचे रोलर त्या पुण्याहून एसटीने आणतात.