निकालानंतरचा निकाल

सांताक्रूझ विधानसभा मतदारसंघात १९९० साली भाजपचे अभिराम सिंह निवडून आले. त्यांची निवड धर्माच्या नावावर मते मागून झाली, अशी तक्रार झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. प्रकरण दिल्लीला गेले. धर्माच्या नावे मत मागू नये असे कायदा म्हणतो. पण तो धर्म कोणाचा, फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही, असा पेच त्यात होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो सोडवला: मतदाराचाही. तारीख होती २ जानेवारी २०१७. मतदानाचे वय १८ वर आणून तेव्हा, १९९० मध्ये, जेमतेम वर्ष झाले होते. त्या निवडणुकीत पहिले मत टाकणारा सांताक्रूझचा पोरगा या निवाड्याच्या दिवशी पंचेचाळिशीत पोचला होता.

या सगळ्या खटाटोपाचे नाव निवडणूक याचिका. निवडणूक आयोग सगळ्यांना माहीत असतो, मतदान यंत्रावर चहाच्या टपरीवरही वाद झडतात; पण आमदार-खासदारांची झालेली निवडणूक खरोखर उलटवू शकणारी ही एकमेव व्यवस्था कशी चालते, हे वकिलांच्या आणि पडलेल्या उमेदवारांच्या पलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

तिचा पाया संविधानाच्या कलम ३२९ मध्ये आहे. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या निवडणुकीला आव्हान द्यायचे तर फक्त याचिकेनेच, दुसऱ्या मार्गाने नाही. पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून पुरी व्हायची होती, तेवढ्यात या कलमाची कसोटी लागली. मद्रास राज्यातल्या नामक्कल मतदारसंघात एन. पी. पोन्नुस्वामी यांचा उमेदवारी अर्ज छाननीत बाद झाला. ते तडक न्यायालयात गेले. जानेवारी १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवडणूक म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया. ती मध्येच थांबवता येणार नाही, जे भांडण असेल ते निकालानंतर. उमेदवाराच्या बाजूने पाहिले तर हे क्रूर वाटते. अर्ज चुकीने बाद झाला तरी त्याने घरी बसायचे, दुसरा निवडून येताना पाहायचे आणि मग दाद मागायची. पण त्या वर्षी प्रत्येक नाराज उमेदवाराला स्थगिती मिळत गेली असती, तर देशातली पहिली निवडणूक पार पडली असती का, याची मला शंका आहे.

इंग्लंडमध्ये एके काळी अशा तंट्यांचा निवाडा खुद्द हाउस ऑफ कॉमन्स करत असे, म्हणजे सभागृहात ज्याची माणसे जास्त त्याचा उमेदवार खरा. १७७० च्या ग्रेनव्हिल कायद्याने ते काम निवडक सदस्यांच्या समितीकडे गेले आणि १८६८ मध्ये न्यायाधीशांकडे. आपण हा सगळा प्रवास टाळून, वाद सभागृहाबाहेर सोडवायचा, इथूनच सुरुवात केली. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने प्रत्येक याचिकेसाठी तीन जणांचे निवडणूक न्यायाधिकरण नेमण्याची पद्धत घातली. ती रेंगाळली. १९६६ मध्ये न्यायाधिकरणे मोडीत काढून काम थेट उच्च न्यायालयांकडे सोपवले गेले. घाई व्हावी हाच हेतू होता.

याचिकेचे नियम मात्र कडक आहेत. निकाल जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत ती दाखल झाली पाहिजे. सेहेचाळिसाव्या दिवशी कितीही सबळ कारण घेऊन जा, उशीर माफ करण्याची सोयच नाही. ती पडलेल्या उमेदवारानेच करावी असेही नाही; त्या मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो. अनामत फक्त दोन हजार रुपये. कोणाला पक्षकार करायचे, प्रतींवर कोणाची सही हवी, भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर कोणत्या नमुन्यात प्रतिज्ञापत्र जोडायचे, हे सगळे ठरलेले. पुष्कळ याचिका पुराव्यापर्यंत पोचतच नाहीत, कागदांतच गारद होतात. भ्रष्ट आचरण सिद्ध करायचे तर पुरावा जवळजवळ फौजदारी खटल्याच्या तोडीचा लागतो. इतर अनियमिततेत आणखी एक गोष्ट दाखवावी लागते: घडले ते निकाल बदलण्याइतके होते. शंभर मते चुकली आणि फरक हजाराचा असेल, तर न्यायालय खेद व्यक्त करून पुढच्या प्रकरणाकडे वळते.

यातली एक तरतूद मला विशेष वाटते. दिवाणी दाव्यात वादी-प्रतिवादी बाहेर बसून समेट करतात आणि पुरसीस देऊन मोकळे होतात. इथे तसे चालत नाही. याचिका मागे घ्यायची तर न्यायालयाची परवानगी लागते, त्याची जाहीर सूचना निघते आणि दुसरा कोणी पुढे येऊन तीच याचिका चालवू शकतो. याचिकादार वारला तरी दुसऱ्याला त्याची जागा घेता येते. भांडण दोन पुढाऱ्यांचे दिसले तरी कायद्याच्या लेखी ते मतदारसंघाचे असते.

या व्यवस्थेची सर्वात गाजलेली याचिका रायबरेलीची. १९७१ मध्ये इंदिरा गांधींनी राजनारायण यांना १ लाख ११ हजारांहून अधिक मतांनी हरवले. राजनारायण यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात याचिका केली आणि आरोपांची रास घातली: धोतरे-ब्लँकेटे वाटली, खर्चाची मर्यादा ओलांडली, गाय-वासरू हे निवडणूक चिन्ह धार्मिक आहे. हे सगळे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी फेटाळले. मार्च १९७५ मध्ये पंतप्रधानांची त्यांच्यासमोर उलटतपासणी झाली. १२ जूनच्या निकालात उरले ते दोनच मुद्दे. पंतप्रधान सचिवालयातले अधिकारी यशपाल कपूर यांचा सरकारी नोकरीचा राजीनामा प्रत्यक्षात अमलात येण्याआधीच त्यांनी प्रचाराचे काम केले. आणि उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी सभांसाठी व्यासपीठे उभारली, ध्वनिक्षेपकांना वीज पुरवली. निवडणूक रद्द, सहा वर्षे अपात्र.

एवढ्याशा कारणावरून पंतप्रधानपद, असे तेव्हा अनेकांनी म्हटले आणि आजही म्हणतात. मला तो आक्षेप पटत नाही. सरकारी यंत्रणा उमेदवाराच्या कामाला लावू नये हा नियम गावच्या उमेदवाराला लागू आणि पंतप्रधानांना माफ, असे न्यायाधीशाने कोणत्या तोंडाने म्हणायचे? प्रमाणाचा विचार कायद्याने त्यांच्यावर सोपवलाच नव्हता. भ्रष्ट आचरण सिद्ध झाले की निवडणूक जाते, मग आघाडी लाखाची असो की दहाची.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २४ जूनला न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली, २५ च्या रात्री आणीबाणी आली. कमी माहीत असलेला भाग असा की त्या पावसाळ्यात कायदाच बदलला गेला, आणि तोही मागच्या तारखेपासून. सरकारी नोकराच्या राजीनाम्याची राजपत्रातली तारीख अंतिम मानायची, असे ठरले. वर ३९ वी घटनादुरुस्ती आली: पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो भाग घटनाबाह्य ठरवला. पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड त्या पीठावर होते. मात्र बदललेल्या कायद्याच्या आधारे इंदिरा गांधींची निवड पीठाने कायम ठेवली. राजनारायण तत्त्व जिंकले, खटला हरले. (सांताक्रूझच्या २०१७ च्या निवाड्यातले अल्पमताचे निकालपत्र यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय यांनी लिहिले.)

राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापुढे जातो. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी निवडून आले. प्रतिस्पर्धी नीलम संजीव रेड्डी यांची बदनामी करणारे निनावी पत्रक वाटले गेले, म्हणून गिरी यांच्या निवडीला आव्हान मिळाले. राष्ट्रपतिपदावर असताना गिरी स्वतः न्यायालयात येऊन साक्ष देऊन गेले. याचिका फेटाळल्या गेल्या.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १३ डिसेंबर १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक विसरता येत नाही. शिवसेनेचे डॉ. रमेश प्रभू जिंकले, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे हरले. कुंटे यांनी बाळासाहेब ठाकरे यांची धर्माच्या नावे मते मागणारी प्रचारातली भाषणे उच्च न्यायालयासमोर ठेवली. एप्रिल १९८९ मध्ये न्या. भरुचा यांनी निवडणूक रद्द ठरवली. ठाकरे उमेदवार नव्हते. पण उमेदवाराच्या संमतीने भ्रष्ट आचरण करणाऱ्यालाही नोटीस देऊन त्याचे नाव निकालात नोंदवता येते, तसे ते नोंदवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी हा निकाल कायम केला. ती विधानसभा तोवर केव्हाच विसर्जित झाली होती. अपात्रतेचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला १९९९ च्या जुलैत आणि सहा वर्षे मोजली गेली १९९५ च्या निकालापासून. म्हणजे ठाकरे यांचा मताधिकार गेला तेव्हा शिक्षेची साडेतीन वर्षे आपोआप सरली होती.

त्याच दिवशी, त्याच पीठाने, दादरचाही निकाल दिला. १९९० च्या प्रचारात शिवाजी पार्कवर मनोहर जोशी म्हणाले होते की पहिले हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हे धर्माच्या नावे मत मागणे नव्हे, फार तर ती आशा आहे. जोशी तेव्हा मुख्यमंत्री होते. निकाल उलटा लागता तर अपात्रतेची टांगती तलवार आली असती. पार्ले आणि दादर यांच्यात ओढलेली ही रेघ मला कधीच नीट दिसली नाही. एकवीस वर्षांनी सात न्यायाधीशांना बसावे लागले, ते या प्रश्नाचे एक टोक सोडवण्यासाठी.

मतदानाच्या साधनांवरचा संशयही जुना आहे. १९७१ मध्ये दिल्लीत हरलेले जनसंघाचे बलराज मधोक यांचा दावा होता की मतपत्रिकांवर रसायन लावले होते. मतदाराने मारलेला शिक्का उडतो आणि गाय-वासरावर आपोआप उमटतो. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना हसून घालवले नाही. नमुन्यादाखल काही मतपत्रिका पाहण्याची मुभा दिली. त्यांना हरवणारे शशी भूषण यांची खासदारकी शाबूत राहिली.

यंत्र आले ते केरळातल्या परूर मतदारसंघात, १९८२ साली, ८४ पैकी ५० केंद्रांवर. कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै १२३ मतांनी जिंकले. हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. यंत्रात बिघाड होता असे न्यायालयाने म्हटले नाही. कायद्यात मतदान मतपत्रिकेने करायचे लिहिले आहे आणि आयोग स्वतःच्या अधिकारात ते बदलू शकत नाही, एवढेच म्हटले. १९८४ मध्ये त्या ५० केंद्रांवर कागदावर फेरमतदान झाले आणि जोस आमदार झाले. पुढे संसदेने कायद्यात यंत्राची तरतूद केली. याचिका वेळेत निकाली निघाली तर काय होऊ शकते, त्याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा आठवत नाही: विधानसभेची मुदत शिल्लक होती, जागा योग्य माणसाकडे गेली, कायदाही सुधारला.

बहुतेक वेळा असे होत नाही. गुजरातमधल्या ढोलक्यात २०१७ मध्ये भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी जिंकले. बाद ठरवलेली टपाली मते होती ४२९. उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये निवडणूक रद्द केली, तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांना ४८ मतांनी हरवले. कीर्तिकर यांची याचिका उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात फेटाळली. कायद्याला हवी तशी ठोस तथ्ये तिच्यात मांडलेली नाहीत, हे कारण. निकाल कोणाच्या बाजूने लागला ते बाजूला ठेवू, पण सहा महिन्यांच्या आसपास लागला, हे नोंदवण्यासारखे आहे.

दुसरीकडे चंडीगडचे महापौरपद पाहा. ३० जानेवारी २०२४ रोजी पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिकांवर स्वतः खुणा करून त्या बाद केल्या, आणि हे कॅमेऱ्यात टिपले गेले. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केले. तिथे पुरावा चित्रफितीत होता आणि कलम ३२९ आडवे येत नव्हते, म्हणून एकवीस दिवस पुरले. हरियाणातल्या बुआना लाखू गावाला मात्र सरपंचपदाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीसाठी ऑगस्ट २०२५ पर्यंत थांबावे लागले. एका केंद्रावर दोन उमेदवारांची मते एकमेकांच्या नावावर चढली होती, एवढाच घोळ. सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे दिल्लीला मागवून आपल्या आवारात फेरमोजणी करवली, आणि हरलेला उमेदवार ५१ मतांनी जिंकलेला निघाला. मोजायला लागला जेमतेम एक दिवस. तिथपर्यंत पोचायला पावणेतीन वर्षे गेली.

याचिकेचे नियम सैल करावेत असे मी म्हणणार नाही. लाखो लोकांनी दिलेला कौल एका अर्जावर डळमळू नये, हे बरोबरच आहे. पण शक्यतो सहा महिन्यांत सुनावणी संपवावी, रोजच्या रोज चालवावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ८६ वे कलम सांगते. मुख्य न्यायमूर्तींनी या कामासाठी एक किंवा अधिक न्यायाधीश नेमावेत, असे ८०-अ सांगते. नवा कायदा नको, घटनादुरुस्ती नको. पुढच्या विधानसभेचे निकाल लागतील त्या दिवशी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे असे न्यायाधीश नेमावेत, आणि पहिले सहा महिने त्यांच्या फलकावर दुसरे काहीही लावू नये.