वाटेतली विनंती

बिरसी विमानतळाच्या धावपट्टीभोवती शिकाऊ वैमानिक फेऱ्या मारतात, तेव्हा प्रत्येक जण आपली जागा रेडिओवर टॉवरला कळवतो. त्या फ्रीक्वेन्सीवरचे बाकीचे वैमानिकही ते ऐकतात आणि आपलं अंतर सांभाळतात. दुसऱ्या महायुद्धातल्या या विमानतळावर आता नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. एका चिपवरचे कोअरही असेच एकमेकांवर कान ठेवून असतात.

प्रत्येक कोअरजवळ स्वतःची कॅश असते. मेमरीतला ६४ बाइटांचा एकच तुकडा, म्हणजे लाइन, चार कॅशमध्ये असू शकतो. एकाने तो बदलला की उरलेल्या तीन प्रती शिळ्या होतात. म्हणून लिहिण्याआधी कॅशना जोडणाऱ्या बसवर पुकारा होतो. तो बाकीच्या कॅशना स्नूप रिक्वेस्ट म्हणून मिळतो आणि त्या आपली प्रत रद्द करतात. जेम्स गुडमन यांनी ही रीत १९८३ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी इलिनॉयमध्ये मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी आज मेसी नावाने शिकवला जाणारा चार अवस्थांचा प्रोटोकॉल दिला. पुण्याच्या सी-डॅकच्या १९९१ च्या परम ८००० या महासंगणकाला अशा प्रोटोकॉलची गरज नव्हती. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्यूटर प्रोसेसरची मेमरी वेगळी होती.

चार अवस्थांचा तक्ता तासाभरात पाठ होतो. खरी कसोटी लागते ती मधल्या क्षणांत, आणि तेच क्षण बघायला सिम्युलेटर लागतो. जेम-फाइव्ह या सिम्युलेटरमध्ये अ‍ॅटॉमिक पद्धतीत स्नूपचं उत्तर जागच्या जागी मिळतं, सगळं सुरळीत दिसतं. टायमिंग पद्धतीत मात्र निरोपाला वाटेत वेळ लागतो. समजा, दोन कोअरांकडे एकाच लाइनची शेअर्ड प्रत आहे आणि दोघांनाही लिहायचंय. पहिल्याची परवानगीची विनंती रांगेत असतानाच दुसऱ्याचा रद्द करण्याचा स्नूप येऊन धडकतो. आता पहिल्याकडे प्रतच उरली नाही. नुसती परवानगी घेऊन तो काय लिहिणार? त्याची विनंती बदलून 'डेटासकट द्या' अशी करावी लागते. उलट, बसवर पहिल्याचाच नंबर आधी लागला असेल आणि त्याचं उत्तर अजून वाटेत असेल, तर आलेला स्नूप धरून ठेवून नंतर उत्तर द्यायचं.

कॅशमधून बाहेर पडलेली, पण मेमरीत अजून न पोचलेली बदललेली लाइन ही त्याहून फसवी. ती ज्या बफरमध्ये थांबली आहे तो स्नूपने तपासला नाही, तर मेमरी जुनीच किंमत देते आणि प्रोग्रॅम चुकीचं उत्तर घेऊन बिनतक्रार पुढे जातो. म्हणूनच जेम-फाइव्हचा रँडम टेस्टर मोजक्या पत्त्यांवर सगळ्या कोअरांची वाचनं-लेखनं मुद्दाम एकमेकांवर आदळवतो.